व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेताना आणि सोडताना: नागपुरातील एका ग्राहकाची अनुभवाने बनलेली पद्धत

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी साडेनऊला शिकवणी वर्गाच्या संचालकांचा फोन आला: "साइट उघडूनच नाही राहिली ना भाऊ, पोरं सारखी फोन करून राहिली." त्यांच्या सराव परीक्षेचा निकाल दहा वाजता लागायचा होता. धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयातून आम्ही अशा पाच-सहा ग्राहकांची संकेतस्थळे सांभाळतो. त्यांत इतवारीतले एक ठोक दुकान आहे आणि बाहेरगावी संत्री पाठवणारे एक व्यापारीही आहेत. ही सगळी संकेतस्थळे एकाच व्हर्च्युअल सर्व्हरवर, म्हणजे एका मोठ्या यंत्राच्या भाड्याने घेतलेल्या हिश्श्यावर, होती आणि तो सर्व्हर सेवादात्याने रात्रीच निलंबित केला होता. कारण तांत्रिक नव्हते. नूतनीकरणाची रक्कम कार्डावरून आपोआप वळती झाली नव्हती आणि त्याची सूचना देणारे तिन्ही ईमेल नको असलेल्या पत्रांच्या खणात पडून होते. पैसे आम्ही दहा मिनिटांत भरले, पण निलंबन उठायला १९ तास लागले. बॅकअप होते, मात्र ते त्याच खात्याच्या पॅनेलमध्ये (सर्व्हर हाताळण्याच्या वेब-पानावर) होते आणि पॅनेलही बंद होते.

त्यानंतर आम्ही सेवादाता बदलला आणि सर्व्हर घेण्याची स्वतःची एक पद्धत बसवली. जाहिरातींत कोअर, मेमरी आणि डिस्क आधी येतात. आमच्या पद्धतीत ते तिसऱ्या क्रमांकावर आहेत. पहिला क्रमांक बाहेर पडण्याच्या वाटेचा आणि दुसरा पैशांच्या व्यवहाराचा आहे.

बाहेर पडण्याची वाट आधी बघावी

डोमेन नाव आणि सर्व्हर एकाच कंपनीकडे ठेवू नयेत. "सर्व्हरसोबत डोमेन मोफत" ही सवलत वर्षाला हजार-बाराशे रुपये वाचवते खरी, परंतु खाते अडकले की डोमेनही त्याच्याबरोबर अडकते आणि मग दुसरीकडे नवा सर्व्हर उभा करूनही नाव तिकडे वळवता येत नाही. डोमेनच्या डीएनएस नोंदी (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या) आम्ही आता तिसऱ्याच ठिकाणी ठेवतो. त्या रविवारी एवढी एक सोय असती, तर निकालाचे साधे पान दुसऱ्या सर्व्हरवर टाकून अर्ध्या तासात मोकळे झालो असतो.

सेवादात्याच्या अटींमध्ये तीन गोष्टी शोधाव्यात: बिलाची मुदत उलटल्यावर किती दिवसांनी सर्व्हर थांबवला जातो, थांबवल्यानंतर किती दिवसांनी त्यावरील माहिती पुसली जाते, आणि या मधल्या काळात माहिती उतरवून घेता येते का. या प्रश्नांची सरळ उत्तरे अटींत सापडत नसतील, तर विक्री विभागाला लेखी विचारावे. त्यांचे उत्तर किती वेळात येते आणि विचारलेल्याच प्रश्नाचे येते का, ही पुढच्या सेवेची पहिली आणि फुकटातली परीक्षा असते.

अटींमधल्या उपलब्धतेच्या वचनाचाही हिशेब करून पाहावा. ९९.९ टक्के हा आकडा भरघोस वाटतो, परंतु ३० दिवसांच्या महिन्यात सर्व्हर ४३ मिनिटे बंद राहिला तरी ते वचन मोडत नाही. वर्षाचे हेच पावणेनऊ तास होतात. वचन मोडले तरी भरपाई बहुधा पुढच्या बिलातील किरकोळ सवलतीपुरती असते. तुमच्या ग्राहकाच्या बुडालेल्या धंद्याशी तिचा संबंध नसतो.

पैसे, कार्ड आणि ओळखपत्र

रिझर्व्ह बँकेचे कार्डावरील आवर्ती वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यांनुसार आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाने आधी रीतसर संमती नोंदवावी लागते आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते. दर वेळी ओटीपी न मागता वळती होणाऱ्या रकमेची सर्वसाधारण मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती आणि जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली. अनेक परदेशी सेवादाते या संमतीच्या व्यवस्थेत आलेलेच नसतात. त्यामुळे पहिला भरणा ओटीपी टाकून सुरळीत होतो आणि पुढचा आपोआप व्हायचा भरणा बँक नाकारते. आमच्या बाबतीत नेमके हेच घडले होते आणि पहिले पैसे गेले म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

यावर आमचा उपाय साधा आहे. सेवादाता आगाऊ रक्कम खात्यात जमा ठेवू देत असेल, तर किमान तीन महिन्यांचे भाडे जमा ठेवावे. तशी सोय नसेल, तर मुदतीच्या दहा दिवस आधीचे स्मरण दोन वेगळ्या माणसांच्या फोनमध्ये लावावे. भारतीय सेवादात्याच्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि जाहिरातीतला आकडा बहुधा तो वगळूनच लिहिलेला असतो. व्यवसायाची नोंदणी असल्यास खाते उघडतानाच जीएसटी क्रमांक द्यावा, कारण नंतर जुनी बिले दुरुस्त करून घेणे हे फार चिकाटीचे काम आहे. डॉलरमध्ये बिल येत असेल, तर बँकेचे परकीय चलन शुल्क धरून तुलना करावी. पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत दुपटीचा फरकही आम्ही पाहिला आहे. तीन वर्षांचे पैसे एकदम भरायला लावणारी सवलत आम्ही आता घेत नाही.

खाते उघडताना ओळखपत्र, पत्ता आणि फोन क्रमांक मागितला तर बिचकू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हर्च्युअल सर्व्हर देणाऱ्यांनी ग्राहकाची पडताळलेली माहिती नोंदणी रद्द झाल्यानंतरही किमान पाच वर्षे जपून ठेवायची असते.

नेमके काय आणि किती घ्यावे

मोठ्या यंत्रातून व्हर्च्युअल सर्व्हरचा हिस्सा दोन प्रकारे पाडला जातो. केव्हीएम पद्धतीत प्रत्येक भाडेकरूला स्वतःचे कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मिळते. ही सुविधा २००७ पासून लिनक्स कर्नेलचाच भाग आहे. ओपनव्हीझेडसारख्या कंटेनर पद्धतीत मात्र सगळे भाडेकरू मूळ यंत्राचे एकच कर्नेल वापरतात, त्यामुळे एका यंत्रात जास्त गिऱ्हाइके कोंबणे सेवादात्याला सोपे जाते आणि डॉकरसारखी, प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारी साधने तिथे अडखळतात. दरात थोडा फरक असला तरी केव्हीएमच घ्यावे.

मेमरीचा अंदाज बेरीज-वजाबाकीने काढता येतो. पीएचपी या भाषेवर चालणाऱ्या संकेतस्थळाची एक प्रक्रिया (एका वेळी एक मागणी हाताळणारा प्रोग्राम) साधारण ५० ते १०० मेगाबाइट मेमरी घेते. २ गिगाबाइटच्या सर्व्हरमधून मूळ प्रणाली आणि डेटाबेस यांचे ७०० ते ८०० मेगाबाइट वगळले, तर एका वेळी १२ ते १५ प्रक्रिया आरामात चालतात. प्रक्रियांची कमाल संख्या मूळ सेटिंगवर सोडून दिली आणि गर्दी उसळली, तर मेमरी संपते आणि कर्नेल सगळ्यात जड प्रक्रियेचा, म्हणजे बहुधा डेटाबेसचाच, बळी घेते. बाहेरून ते "सर्व्हर बंद पडला" असे दिसते आणि दोष सेवादात्यावर जातो. आम्हीही एकदा तो विनाकारण दिला आहे.

बँडविड्थच्या बाबतीत "अनलिमिटेड" या शब्दाकडे दुर्लक्ष करावे आणि रास्त वापराचे कलम वाचावे. महिन्याला १ टेराबाइट ही मर्यादा म्हणजे महिनाभर अखंड सुमारे ३ मेगाबिट प्रति सेकंद, आणि छोट्या दुकानाच्या संकेतस्थळाला ती खूप पुरते.

अंतर मोजावे, गृहीत धरू नये

देशाचा मध्यबिंदू मानल्या जाणाऱ्या झिरो माईलच्या गावात राहिल्यामुळे आपल्याला सगळीकडून सारखेच अंतर, असा आमचा उगाच समज होता. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई हे रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटरचे अंतर धरले, तर जाऊन येण्याला किमान ८.४ मिलिसेकंद लागणारच; प्रत्यक्षात केबलचा मार्ग आणि मधले राउटर धरून आमच्या कार्यालयातून मुंबईच्या डेटा सेंटरला २० ते २५ मिलिसेकंद लागतात. आमचा जुना सर्व्हर युरोपात होता आणि तिथे हाच आकडा दीडशेच्या आसपास होता.

हा फरक एका पानामागे एकदाच पडत नाही. पानाचा पहिला बाइट येण्याआधी जोडणी उघडण्यासाठी एक फेरी, टीएलएस १.३ या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीतील हस्तांदोलनासाठी दुसरी आणि प्रत्यक्ष मागणीसाठी तिसरी, अशा किमान तीन फेऱ्या होतात. दीडशेच्या अंतरावर त्यात जवळपास अर्धा सेकंद जातो. मुंबईच्या अंतरावर ७५ मिलिसेकंदांत काम होते. गिऱ्हाईक विदर्भातले असेल तर सर्व्हर भारतात असावा, हे आमचे मत या हिशेबावर बसले आहे. मात्र डेटा सेंटर मुंबईत आहे एवढ्यावर विसंबू नये. काही इंटरनेट कंपन्या नागपूरची रहदारी भलत्याच शहरातून फिरवून मुंबईला नेतात, म्हणून सेवादात्याने दिलेल्या चाचणीच्या आयपी पत्त्यावर (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावर) घरचे ब्रॉडबँड आणि दोन-तीन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल नेटवर्क वापरून एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा वेळ आणि गळती मोजणारे साधन) चालवावे. शक्य असल्यास हे मोजमाप ग्राहकाच्या दुकानात बसून करावे. इतवारीतल्या गल्लीत आलेले आकडे धरमपेठेतल्या आकड्यांपेक्षा पार वेगळे निघाले होते.

सात दिवसांची परीक्षा

तासाच्या हिशेबाने भाडे घेणारा किंवा सात दिवसांत पैसे परत देणारा सेवादाता निवडावा आणि पहिला आठवडा त्या सर्व्हरवर एकही खरे संकेतस्थळ ठेवू नये. हा आठवडा वाया जातो असे वाटते. आमच्या मते पूर्ण व्यवहारातले सर्वांत किफायतशीर दिवस हेच.

पहिले मोजमाप चोरलेल्या वेळेचे. "टॉप" ही आज्ञा चालवल्यावर प्रोसेसरच्या ओळीत सर्वांत शेवटी "एसटी" असा आकडा दिसतो. तुमच्या सर्व्हरला काम करायचे होते, परंतु मूळ यंत्राने तो वेळ शेजारच्या भाडेकरूला दिला, अशा वेळेचे प्रमाण तो दाखवतो. तो एखाद-दोन टक्क्यांच्या आत राहिला तर चिंता नाही. रोज ठरावीक वेळी पाच-दहा टक्क्यांवर जात असेल, तर त्या यंत्रात गर्दी आहे. आमच्या जुन्या सर्व्हरवर संध्याकाळी सात ते दहा या वेळात तो २५ टक्क्यांपर्यंत जात असे. कागदावर चार कोअर होते आणि ऐन गर्दीच्या वेळी हातात तीनच येत होते. दिवसातून एकदा डोकावून हे कळत नाही. त्यासाठी सिसस्टॅट हे पॅकेज बसवून त्याची नोंदणी सुरू करावी. ते दर दहा मिनिटांनी आकडे टिपून ठेवते आणि "सार" या आज्ञेने मागच्या दिवसांचे आकडेही पाहता येतात. मात्र मोजताना सर्व्हरला थोडे काम दिलेले असावे, कारण निष्क्रिय सर्व्हरकडून चोरायला काही नसतेच.

दुसरे मोजमाप डिस्कचे. मोठी फाइल सलग लिहून काढलेला वेग दिसायला भव्य असतो आणि कामाचा नसतो, कारण डेटाबेस छोट्या-छोट्या तुकड्यांत, इकडे-तिकडे वाचतो आणि लिहितो. फायो या साधनाने ४ किलोबाइटच्या तुकड्यांची विखुरलेली वाचन-लेखन चाचणी घ्यावी आणि ती थेट डिस्कवर होईल असा पर्याय निवडावा, नाहीतर तुम्ही डिस्क सोडून मेमरीच मोजत बसता. एकच चाचणी पहाटे आणि रात्री नऊला घ्यावी. दोन आकड्यांतली तफावत आकड्यांइतकीच बोलकी असते. तासन्‌तास चाचणी चालवू नये. तो शेजाऱ्यांवर अन्याय आहे आणि काही सेवादाते त्यासाठी खाते थांबवतात.

तिसरी परीक्षा आयपी पत्त्याची. आयपीव्ही४ या प्रकारच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्येच संपला, त्यामुळे मिळणारा पत्ता बहुधा आधी कुणीतरी वापरलेला असतो. त्या आधीच्या भाडेकरूने नको ते ईमेल पाठवले असतील, तर तुमच्या ग्राहकाची पावती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणार नाही. स्पॅमहाउससारख्या, नको ते ईमेल पाठवणाऱ्यांच्या यादीत तो पत्ता तपासावा आणि यादीत असल्यास पहिल्याच दिवशी बदलून मागावा. ईमेल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट (सर्व्हरचे क्रमांकित दार) अनेक ठिकाणी मुळातच बंद असते, हेही विचारून घ्यावे.

चौथी परीक्षा माणसांची. एखाद्या रविवारी रात्री अकराला एक खरा, छोटा आणि नेमका प्रश्न तिकिटातून, म्हणजे त्यांच्या मदत विभागाकडे लेखी नोंदवून, विचारावा, उदाहरणार्थ उलट डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) कशी बदलायची. उत्तर छापील मजकुराचे आले आणि प्रश्न तसाच राहिला, तर इतर सगळे आकडे चांगले असूनही आम्ही तो सेवादाता सोडून देतो.

पहिला तास

सर्व्हर पसंत पडला की पुन्हा कोऱ्या प्रणालीने सुरुवात करावी. दीर्घ मुदतीच्या आधाराची उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींची आवृत्ती घ्यावी. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्स प्रणालीचा आधार ३० जून २०२४ ला संपला असूनही काही पॅनेलांत तो पर्याय अजून दिसतो. अद्ययावतीकरण करावे, रूट या सर्वाधिकारी खात्याऐवजी वेगळा वापरकर्ता तयार करावा, एसएसएच (सर्व्हरमध्ये दुरून सुरक्षितपणे शिरण्याची सोय) किल्लीने, म्हणजे आपल्या संगणकातल्या गुप्त फाइलने, प्रवेश सुरू करून पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा. हा बदल करताना चालू खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून प्रवेश होतो का ते पाहावे. फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) सुरू करण्याआधी एसएसएचला परवानगी दिली आहे याची दोनदा खात्री करावी. मी हे विसरून स्वतःलाच घराबाहेर कोंडून घेतले आहे आणि पॅनेलमधल्या कन्सोलने (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या सर्व्हरच्या थेट पडद्याने) तेव्हा वाचवले, म्हणून कन्सोल चालते की नाही हेही याच तासात पाहून घ्यावे. सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी आणि कमी मेमरीच्या सर्व्हरवर १ ते २ गिगाबाइटची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) ठेवावी.

संकेतस्थळ हलवणे

हलवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएस नोंदींची टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावी, म्हणजे नवा पत्ता सगळीकडे लवकर पोहोचतो. फाइली आरसिंकने (फक्त बदललेला भाग नेणाऱ्या साधनाने) आधीच नव्या ठिकाणी नेऊन ठेवाव्यात. स्वतःच्या संगणकावरील होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता लिहून, जगाला न कळता, पूर्ण संकेतस्थळ तपासावे: लॉगिन, फॉर्म, पैसे भरण्याचे पान, सगळे. मग एका निवांत रात्री जुने संकेतस्थळ देखभालीच्या पानावर ठेवावे, डेटाबेसची अंतिम प्रत न्यावी, बदललेल्या फाइली पुन्हा एकदा आरसिंकने न्याव्यात आणि डीएनएस बदलावे. एमएक्स नोंदींना (ईमेल कुठे पोहोचवायचे ते सांगणाऱ्या) हात लावू नये; संत्रा व्यापाऱ्यांचे ईमेल आम्ही अशाच घाईत चार तास बंद पाडले होते, तेही ऐन हंगामात. संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित करणारे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते, म्हणून त्याचे नूतनीकरण नव्या सर्व्हरवर आपोआप होते का, याची कोरडी चाचणी (प्रमाणपत्र प्रत्यक्ष न बदलता) त्याच रात्री घ्यावी. जुना सर्व्हर आठवडाभर चालू ठेवावा.

बॅकअप दुसऱ्याच्या घरी

सेवादात्याचे स्नॅपशॉट (सर्व्हरच्या त्या क्षणाच्या पूर्ण प्रती) सोयीचे असतात, ते जरूर घ्यावेत, परंतु त्यांना बॅकअप समजू नये. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीच्या फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील डेटा सेंटरला आग लागली आणि एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांचे सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होते, त्यांपैकी अनेकांचे दोन्ही गेले. आमच्याकडे आग लागली नव्हती, फक्त बिल थकले होते, तरी त्या १९ तासांपुरता परिणाम तोच होता.

रोज रात्री डेटाबेसची आणि बदललेल्या फाइलींची प्रत वेगळ्या कंपनीच्या साठवण सेवेत, वेगळ्या ईमेलवर उघडलेल्या खात्यात जावी. साठवण सेवेत शिरण्यासाठी सर्व्हरला दिलेल्या किल्लीने नव्या प्रती ठेवता याव्यात, पण जुन्या पुसता येऊ नयेत, नाहीतर सर्व्हरमध्ये शिरलेला चोर बॅकअपही साफ करून जातो. आठवड्यातून एक प्रत कार्यालयातल्या डिस्कवर उतरवावी. आणि तीन महिन्यांतून एकदा, तासाच्या भाड्याचा सर्व्हर घेऊन, त्या प्रतींवरून संपूर्ण संकेतस्थळ उभे करून पाहावे. पहिल्या वेळी आम्हाला सहा तास लागले आणि एका ग्राहकाचे फोटोंचे फोल्डर प्रतींमध्ये कधी गेलेच नव्हते असे आढळले. आता दीड तास लागतो.

तक्रार कशी लिहावी

"साइट स्लो आहे" या तिकिटाला "आमच्या बाजूने सर्व ठीक आहे" हेच उत्तर मिळते आणि खरे सांगायचे तर तेवढ्या मजकुरावर दुसरे उत्तर देताही येत नाही. तिकिटात सर्व्हरचा आयपी पत्ता, त्रास सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ भारतीय वेळेसोबत यूटीसीमध्येही (जागतिक प्रमाणवेळेत), "सार"मधील चोरलेल्या वेळेच्या नोंदी, आणि जाळ्याची शंका असल्यास दोन्ही दिशांचे एमटीआर द्यावे. उलट दिशेचा मार्ग वेगळा असू शकतो, म्हणून एकाच बाजूचे मोजमाप अर्धवट ठरते. मधल्या एखाद्या टप्प्यावर पॅकेट (पाठवलेल्या माहितीचे तुकडे) गळताना दिसली आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत ती गळती टिकली नाही, तर ती तक्रार करू नये; तो राउटर फक्त अशा चौकशीला उत्तर देणे टाळत असतो. शेवटी नेमकी मागणी लिहावी: "कृपया हा सर्व्हर कमी भार असलेल्या यंत्रावर हलवावा." चोरलेल्या वेळेच्या तीन दिवसांच्या नोंदी जोडून आम्ही नव्या सेवादात्याला एकदा असे लिहिले, तेव्हा त्याच रात्री सर्व्हर हलवला गेला.

जुना सर्व्हर सोडताना

शेवटची प्रत उतरवून ती उघडते याची खात्री झाल्यावर जुन्या सर्व्हरवरील डेटाबेस, किल्ल्या आणि ग्राहकांची माहिती स्वतः पुसावी. तासाच्या किंवा महिन्याच्या भाड्याचा सर्व्हर नुसता बंद करून भागत नाही. डिस्क आणि आयपी पत्ता राखून ठेवलेला असल्यामुळे अनेक ठिकाणी भाडे चालूच राहते, म्हणून पॅनेलमधून तो कायमचा काढून टाकावा आणि रद्द झाल्याचे लेखी उत्तर घ्यावे. सर्व बिले उतरवून घ्यावीत, बँकेच्या ॲपमधून त्या कंपनीची आवर्ती संमती काढावी आणि पुढच्या महिन्याचे कार्ड विवरण आल्यावर त्यात त्यांचे नाव नाही, हे एकदा पाहून घ्यावे.